वाट चुकलेला तांडा आणि हास्यरस : 'वॅगन्स ईस्ट' या चित्रपटाची चिकित्सा

अमेरिकेच्या पश्चिम भागातील वसाहतीची कथा सांगणाऱ्या चित्रपटांचा, म्हणजे 'वेस्टर्न' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकाराचा, एक ठराविक प्रवासविषय आहे. कापडी छपराच्या बैलगाड्यांचा तांडा मिसुरी नदीच्या काठावरून निघतो, माळराने, वाळवंटे आणि पर्वत ओलांडतो, वाटेत काही माणसे गमावतो आणि अखेरीस ओरेगॉनला किंवा कॅलिफोर्नियाला पोहोचतो. जेम्स क्रूझ याने १९२३ साली 'द कव्हर्ड वॅगन' या मूकपटात ही कथा प्रथमच महाकाव्याच्या थाटात मांडली. तेव्हापासून तांडा म्हणजे राष्ट्राचे लघुरूप, आणि त्याचे पुढे सरकणे म्हणजे इतिहासाचे पुढे सरकणे, असा संकेत रूढ झाला. जेथे एवढी गंभीरता असते तेथे तिची सावली म्हणून विडंबनही चालत येते. पश्चिमेकडे धावणाऱ्या नायकाची थट्टा करण्यासाठी बस्टर कीटनने 'गो वेस्ट' हा चित्रपट १९२५ सालीच काढला होता. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र याच परंपरेतील एक बराच उशिराचा आणि बराच फसलेला चित्रपट आहे. पीटर मार्कल याने दिग्दर्शित केलेला 'वॅगन्स ईस्ट' १९९४ साली प्रदर्शित झाला.

नावातच विनोदाचे बीज आहे. १८६०-७० या दशकातील पश्चिमेत येऊन फसलेली काही माणसे 'हे पुरे झाले' असे म्हणून पूर्वेकडे परत जावयाचे ठरवितात. त्यांत वैद्यकी सोडून आलेला फिल टेलर आहे, बेल नावाची वेश्या आहे, आणि रांगड्या वस्तीत ग्रंथविक्री करू पाहणारा ज्युलियन आहे. ही मंडळी जेम्स हार्लो नावाच्या मद्यपी माणसाला तांड्याचा नाईक म्हणून नेमतात. लमाणांच्या तांड्यात नाईकाच्या शब्दाला जे वजन असते तेच ह्या गाड्यांच्या तांड्यातही त्या पदाला असे. हार्लोला मात्र वाट ठाऊक नाही. रस्त्याला दोन फाटे फुटले की कोणता धरावयाचा हे तो आपल्या घोड्यावर सोपवितो, आणि तांडा भलतीकडेच, सू लोकांच्या प्रदेशात जाऊन पोहोचतो. इकडे रेल्वेच्या धनिकांना वेगळीच धास्ती पडते. माणसे पश्चिमेतून परत येऊ लागली ही वार्ता पसरली तर नव्या वसाहतींसाठी गिऱ्हाईक कोठून मिळणार? ते प्रथम एक भाडोत्री बंदूकबाज आणि मग घोडदळ पाठवून हा तांडा थांबवू पाहतात. मध्येच हार्लोचे पूर्वचरित्र उघड होते. इतिहासात कुप्रसिद्ध झालेल्या 'डॉनर पार्टी' या तांड्याचाही नाईक तोच होता.

हार्लोची भूमिका जॉन कँडी या लोकप्रिय विनोदी नटाने केली होती. चित्रीकरण चालू असतानाच, ४ मार्च १९९४ रोजी, मेक्सिकोतील दुरांगो येथे वयाच्या ४३ व्या वर्षी हृदयविकाराने त्याचे निधन झाले. उरलेले काम बदली नट आणि संगणकाचे साहाय्य घेऊन पुरे करण्यात आले. समीक्षकांनी चित्रपट जवळजवळ एकमुखाने झिडकारला व प्रेक्षकांनीही त्याकडे पाठ फिरविली. नटाच्या अकाली मृत्यूमुळे चित्रपट बिघडला, असे म्हणण्याचा मोह होतो. ते म्हणणे दयाबुद्धीचे असले तरी खरे नाही. चित्रपटात जे बिघडले आहे ते कथेच्या पायातच बिघडलेले आहे, आणि ते कँडी हयात राहता तरी सुधारले नसते. म्हणून 'विनोद जमला नाही' एवढा निवाडा देऊन हा चित्रपट अडगळीत टाकणे सोयीचे असले तरी पुरेसे नाही. कल्पना इतकी चांगली असताना विनोद का जमला नाही, हा प्रश्न उरतोच.

कल्पना चांगली होती याविषयी दुमत होऊ नये. १८४० ते १८६० या वीस वर्षांत सुमारे ३ लाख माणसे ह्या खुष्कीच्या मार्गाने ओरेगॉन, कॅलिफोर्निया व युटा या प्रदेशांकडे गेली. जॉन अनरू याने 'द प्लेन्स अक्रॉस' (१९७९) या आपल्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ह्या प्रवासाचा बारकाईने अभ्यास केला आहे, आणि त्यात अर्ध्या वाटेवरून माघारी फिरणाऱ्यांचाही विचार केलेला आहे. कोणी पटकीला भिऊन परतला, कोणाचे बैल मेले, कोणाची बायको वाटेत गेली, कोणाला केवळ घरची आठवण झाली. पुढे जाणारे तांडे ह्या परतणाऱ्यांना भेटत आणि त्यांच्याकडून वाटेच्या बातम्या घेत. त्यांपैकी पुष्कळ बातम्या अतिरंजित असत, कारण परतणाऱ्याला आपल्या परतण्याचे समर्थन करावयाचे असे. राष्ट्रीय महाकाव्यात ह्या लोकांना जागा मिळाली नाही. प्रहसनात ती मिळावी हे उचितच होते, कारण वीरकथेने ज्यांना दारात उभे केले नाही त्यांना घरात घेणे हे प्रहसनाचे जुने काम आहे.

आता डॉनर तांड्याकडे वळणे अवश्य आहे, कारण चित्रपटाचे वर्म तेथे आहे. १८४६ च्या एप्रिलमध्ये इलिनॉय राज्यातील स्प्रिंगफील्डहून डॉनर व रीड ही कुटुंबे निघाली. वाटेत इतर कुटुंबे मिळाली. जुलैमध्ये जॉर्ज डॉनर या वयस्क शेतकऱ्याला त्यांनी मुख्य म्हणून निवडले, आणि सर्व मिळून अखेरीस ८७ माणसे झाली. लॅन्सफोर्ड हेस्टिंग्ज नावाच्या गृहस्थाने १८४५ साली प्रवाशांसाठी एक मार्गदर्शक पुस्तक छापले होते, आणि त्यात ग्रेट सॉल्ट लेकच्या दक्षिणेकडून जाणाऱ्या एका जवळच्या वाटेचा उल्लेख केला होता. पुस्तक लिहिले तेव्हा हेस्टिंग्ज स्वतः त्या वाटेने गेलेला नव्हता. पुढे १८४६ मध्ये तो त्या बाजूने पूर्वेकडे आला तो घोड्यावरून, गाड्या घेऊन नव्हे. त्याच्याबरोबर आलेल्या जेम्स क्लायमन या अनुभवी माणसाने फोर्ट लॅरामी येथे रीडला भेटून ही वाट धरू नका असे बजाविले होते. ते ऐकले गेले नाही. जुलैच्या अखेरीस फोर्ट ब्रिजरहून तांड्याने जवळची वाट धरली. वासाच पर्वतात झाडे तोडून रस्ता करण्यात त्यांचे दिवसामागून दिवस गेले. पुढचे मिठाचे वाळवंट ४० मैलांचे सांगितले होते, ते सुमारे ८० मैलांचे निघाले. तहानेने बैल गेले, गाड्या टाकाव्या लागल्या. सिएरा नेव्हाडाच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत ऑक्टोबर संपत आला होता, आणि बर्फाने खिंड बंद झाली.

ट्रकी सरोवराच्या काठी त्यांनी झोपड्या बांधल्या. जनावरे संपल्यावर त्यांची कातडी उकळून होणारा खळीसारखा लगदा खाण्याची पाळी आली. १६ डिसेंबर रोजी १७ माणसे बर्फावरून पायी निघाली, त्यांतील दोघे लगेच परत फिरले. उरलेल्या पंधरांत उपासमारीच्या दिवसांत कोणी मरावे यासाठी चिठ्ठ्या टाकण्याची गोष्ट निघाली होती. मृतांचे मांस खाल्ले गेले. मदतीसाठी आलेल्या लुई व साल्वादोर या दोघा मिवोक वाटाड्यांना ठार करण्यात आले, आणि अखेर सात जण, त्यांत पाच स्त्रिया, कॅलिफोर्नियाच्या वस्तीत पोहोचले. सरोवराकाठी पहिली मदत १८४७ च्या फेब्रुवारीत आली. जवळजवळ निम्मा तांडा मेला होता, व त्यात जॉर्ज डॉनरही होता.

ह्या वृत्तान्तात कोठेही मद्यपी नाईक नाही. डॉनर तांड्याला पगारी नाईकच नव्हता. त्यांची वाट चुकली ती छापील पुस्तकावर विश्वास ठेवल्यामुळे. हेस्टिंग्जला कॅलिफोर्नियात वसाहतवाले हवे होते, आणि त्याचे पुस्तक ही एक प्रकारे त्या भूमीची जाहिरात होती. 'वॅगन्स ईस्ट'च्या लेखकाने हार्लो हा काल्पनिक नाईक निर्माण करून तो सारा दोष एका माणसाच्या बाटलीवर ढकलला. कल्पित कथेला इतिहास बदलण्याचा अधिकार आहे, ह्याबद्दल वाद नाही. परंतु ह्या बदलाने चित्रपटाचे स्वतःचेच नुकसान झाले आहे. त्याच चित्रपटात रेल्वेचे धनिक आहेत. त्यांना पश्चिमेची खोटी कीर्ती टिकवावयाची आहे आणि परतणाऱ्या माणसांची त्यांना भीती वाटते. म्हणजे जाहिरात हा विषय कथेत आधीच आला आहे. डॉनर तांडा हा त्याच जाहिरातीचा वीस वर्षांपूर्वीचा बळी होता. दोन्ही धागे लेखकाच्या हातात होते, आणि त्यांची गाठ मात्र मारली गेली नाही. हार्लो हा चुकीचे पुस्तक वाचून लोकांना मरणाच्या दारी नेलेला, आणि तेव्हापासून छापील शब्दापेक्षा घोड्यावर अधिक भरवसा ठेवणारा माणूस म्हणून दाखविला असता, तर फाट्यावर घोड्याला वाट निवडू देणे हा केवळ चाळा राहिला नसता. त्या चाळ्याला पूर्वस्मृती लाभली असती. आहे त्या रूपात घोड्याचा प्रसंग हा ह्या चित्रपटातील त्यातल्या त्यात बरा विनोद होय, आणि तो आकस्मिक वाटतो.

येथे एक आक्षेप संभवतो. आदळआपटीच्या विनोदावर इतिहासाचे एवढे ओझे कशाला लादावयाचे? आपटणे, धडपडणे, तोंडावर पडणे यांपलीकडे त्याच्याकडून अपेक्षा ती काय करावयाची? आक्षेप वाजवी आहे, पण तो स्लॅपस्टिक या प्रकाराचे स्वरूप ध्यानात घेत नाही. स्लॅपस्टिक हे नाव इटालियन कोमेदिया नाट्यातील एका उपकरणावरून आले. दोन पातळ फळ्या एकत्र बांधून केलेली ती काठी अंगावर मारली की मोठा आवाज होई आणि मार मात्र फारसा लागत नसे. आवाज मोठा व इजा लहान, हा ह्या विनोदाचा नियमच आहे. प्रेक्षक हसतो तो पडणारा पुन्हा उठणार आहे ह्या खात्रीने. डॉनर तांड्याच्या बाबतीत प्रमाण नेमके उलट आहे. तेथे आवाज नाही, बर्फाने सारे शांत आहे, आणि इजा मात्र भरून येणारी नाही. म्हणून जो लेखक आदळआपटीच्या कथेत डॉनर हे नाव आणतो, तो स्वतःहून एक ओझे उचलीत असतो. ते ओझे समीक्षकाने लादलेले नव्हे.

भरताने नाट्यशास्त्रात हास्याचे विभाव सांगताना विकृत वेष, धार्ष्ट्य, लौल्य, असत्प्रलाप, व्यंगदर्शन इत्यादींची गणना केली आहे, आणि हास्याचे आत्मस्थ व परस्थ असे दोन भेद करून स्मितापासून अतिहसितापर्यंत सहा पायऱ्या सांगितल्या आहेत. उत्तम प्रकृतीच्या वाट्याला स्मित व हसित, अधम प्रकृतीच्या वाट्याला अपहसित व अतिहसित. ही प्रकृतींची उतरंड आज कोणी जशीच्या तशी मानणार नाही. पण लौल्य, म्हणजे खादाडपणा वा हाव, हा हास्याचा विभाव आणि भूक हा करुणाला जवळची अवस्था, ह्यांतील सीमारेषा किती बारीक आहे हे त्या यादीवरून उमगते. जो खातो त्याला खावयाची गरज नसेल तर ते लौल्य होय. गरज असेल आणि खावयास काहीच नसेल, तर लौल्याचे सारे हावभाव तसेच ठेवूनही रस पालटतो. ही सीमारेषा ओलांडून पुन्हा अलीकडे येण्याची करामत एका चित्रपटाने केलेली आहे, आणि योगायोगाची गोष्ट अशी की तिचे मूळही डॉनर तांड्यातच आहे.

चार्ल्स चॅप्लिनने १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात 'द गोल्ड रश' (१९२५) या चित्रपटाची कल्पना कशी सुचली ते सांगितले आहे. क्लोंडाइकची चिल्कूट खिंड चढणाऱ्या सुवर्णशोधकांचे चित्र आणि डॉनर तांड्यासंबंधीचे एक पुस्तक, ही त्याची दोन बीजे. चॅप्लिनने स्थळ बदलले, काळ बदलला, डॉनरचे नावसुद्धा घेतले नाही. बैलगाड्या नाहीत, बायकामुले नाहीत. एका झोपडीत बर्फाने कोंडलेली तीन माणसे, आणि त्यांची भूक, एवढेच ठेवले. मदत आणावयास कोणी जावयाचे हे पत्ते कापून ठरते. पुढे दोघेच उरतात व मेजवानीच्या दिवशी चार्ली आपला बूट शिजवितो. यजमानाच्या रीतीने तो त्याचे भाग करतो, बंद शेवयांसारखे गुंडाळून खातो, खिळे हाडांसारखे चोखतो. चित्रीकरणातला बूट ज्येष्ठमधाचा होता ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे, पण पडद्यावर त्याचा विसर पडतो. ट्रकीच्या काठी लोकांनी कातडी उकळून खाल्ली होती. चॅप्लिनने कातडेच ठेवले आहे. हसू येते ते रीतीभातीचे, आणि भुकेला मात्र कोठेही नाकारलेले नाही. पुढच्या प्रसंगात भुकेने भ्रमलेल्या मोठ्या जिमला चार्लीच्या जागी कोंबडी दिसू लागते. नरमांसभक्षण ज्या एकमेव मार्गाने हास्यात आणता आले असते त्या मार्गाने ते आणलेले आहे. खाणाऱ्याला माणूस दिसतच नाही, आणि प्रेक्षकाला मात्र तो सतत दिसत राहतो.

याहून अधिक महत्त्वाची एक बारीकशी गोष्ट आहे. बूट खाऊन झाल्यावर चार्लीच्या पायात तो पुन्हा येत नाही. त्यानंतर बराच काळ त्याचा एक पाय चिंध्यांनी गुंडाळलेला असतो, आणि पुढे त्या चिंध्यांना आगही लागते. मागे सांगितलेला स्लॅपस्टिकचा नियम येथे चॅप्लिनने हळूच मोडला आहे. पडणारा उठला खरा, पण पूर्वीसारखा उठला नाही. 'वॅगन्स ईस्ट'मध्ये नेमके हेच घडत नाही. हार्लोचे पूर्वचरित्र उघड होते, तांडा त्याच्यापासून दूर होतो, आणि काही वेळाने सारे पूर्ववत होते. ज्याने आपल्या भरवशावर आलेली माणसे बर्फात गमावली त्याच्या पायाला चिंधी कोठेच दिसत नाही. डॉनर हे नाव घेतल्याबरोबर प्रेक्षकाने हसावे, एवढीच त्या नावाकडून अपेक्षा आहे. चॅप्लिनने नाव टाकून भूक ठेवली, ह्यांनी नाव ठेवून भूक टाकली. दोघांच्या यशापयशाचे पुष्कळसे कारण ह्यात आले.

हे मोजमाप प्रत्येक विडंबनाला लावणे अन्यायाचे होईल. नॉर्मन मॅक्लाउडच्या 'द पेलफेस' (१९४८) मध्ये बॉब होपचा भित्रा दंतवैद्य तांड्याबरोबर प्रवास करतो आणि जेन रसेलच्या बंदुकीने पाडलेले शत्रू स्वतःचे समजतो. तेथे इतिहासाशी कसलाही करार नाही, म्हणून करारभंगही नाही. मेल ब्रुक्सच्या 'ब्लेझिंग सॅडल्स' (१९७४) मधील एक छोटीशी आठवण याहून निराळी आहे. तांड्यावर हल्ला होतो तेव्हा गोरे आपल्या गाड्यांचे वर्तुळ करतात आणि मागून येणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबाला आत घेत नाहीत. तेव्हा ते कुटुंब आपल्या एकट्या गाडीलाच गोल गोल फिरवून स्वतःचे वर्तुळ तयार करते. ब्रुक्सची अभिरुची पुष्कळदा हिणकस आहे, आणि चित्रपटाचा बराच भाग अतिहसिताच्या पायरीवर रेंगाळतो. पण हा एक प्रसंग तांड्याच्या साऱ्या महाकाव्याला प्रश्न विचारतो. वर्तुळ कोणाभोवती होते, आणि बाहेर कोण राहिले? तो प्रश्न शब्दांत मांडला जात नाही. एक गाडी फिरते, एवढेच दिसते.

'वॅगन्स ईस्ट'मध्येही असा प्रश्न विचारण्याजोगी माणसे होती. सू प्रमुखाची भूमिका रसेल मीन्स यांनी केली आहे. ते स्वतः ओग्लाला लाकोटा, आणि १९७३ साली वूंडेड नी येथील ठाण्याचा ताबा घेणाऱ्या चळवळीचे एक प्रमुख नेते होते. गोरे लोक पश्चिमेतून परत जात आहेत हे दृश्य मूळ रहिवाशांच्या डोळ्यांनी पाहिले तर ते किती आनंदाचे व किती उशिराचे आहे! चित्रपट ह्या कल्पनेला स्पर्श करतो, कारण सू लोकांना ह्या तांड्याला अडवावे असे वाटण्याऐवजी पोहोचवावे असेच वाटू लागते. एवढ्या एका उलटापालटीवर संपूर्ण प्रहसन उभे राहिले असते. दिग्दर्शकाला मात्र तेथून लवकर निघण्याची घाई आहे. पुढे घोडदळ यावयाचे असते, आणि हार्लो व सेनापती यांची मुष्टियुद्धाची भेट व्हावयाची असते.

ज्युलियनच्या पात्राविषयी थोडे सांगितले पाहिजे. तो समलिंगी आहे ही गोष्ट चित्रपटात विनोदाचे साधन म्हणून वापरली आहे, आणि ते विनोद आज जुने व ओशाळवाणे वाटतात. ग्रंथविक्रेता म्हणून त्याची कल्पना मात्र खरोखर चांगली होती. जेथे कोणी वाचीत नाही अशा वस्तीत पुस्तकांचे दुकान मांडून बसलेला माणूस, आणि एका पुस्तकाने मृत्यूच्या वाटेवर नेलेल्या तांड्याचा नाईक, हे दोघे एकाच गाडीत बसलेले असताना त्यांच्यात हेस्टिंग्जच्या पुस्तकाबद्दल एकही शब्द निघत नाही.

हाच विषय गंभीरपणे हाताळणारा 'मीक्स कटऑफ' हा केली रायकार्डचा चित्रपट २०१० साली आला. १८४५ साली स्टीफन मीक या वाटाड्याने ओरेगॉनात एका तांड्याला भलत्या वाटेने नेले, त्या घटनेवर तो आधारलेला आहे. मीक वाट चुकला आहे की त्याला वाट ठाऊकच नाही, हे तांड्यातील स्त्रियांना कळत नाही, आणि चित्रपट संपतो तरी ते कळत नाही. बढाईखोर वाटाड्या हे पात्र येथे मुळातच हास्याचे आहे. केस, दाढी, गप्पा, सारे प्रहसनाला शोभणारे आहे. त्याच्यावर कोणी हसत नाही, कारण पाणी संपत आले आहे. हार्लोच्या तांड्यात पाणी कधीच संपत नाही.

डॉनर तांड्याच्या झोपड्या जेथे होत्या तेथे १९१८ साली एक स्मारक उभारण्यात आले. त्याचा चौथरा २२ फूट उंच ठेवला आहे, कारण त्या हिवाळ्यात बर्फ तेवढे चढले होते असे मानले जाते. त्यानंतर सहा वर्षांनी, १९२४ मध्ये, चॅप्लिन आपली मंडळी घेऊन त्याच ट्रकी परिसरात आला, आणि खिंड चढणाऱ्या शेकडो माणसांचे आरंभीचे दृश्य त्याने तेथील खऱ्या बर्फात टिपले. झोपडीचे प्रसंग मात्र त्याने हॉलिवूडमधील आपल्या चित्रशाळेत, प्लास्टर, मीठ आणि पीठ यांच्या बर्फात, नव्याने घेतले.